मागच्या दारचा तित्तर

मोबाइलवर जो व्हिडिओ फिरतो आहे, त्यात दोन्ही हात वर करून 'हाऽऽ हुर्रर्र' ओरडणारी बाई मीच. पदर कमरेला खोचलेला, पायात जळवा चढू नयेत म्हणून घालायचे गुडघ्यापर्यंतचे मोजे, डोक्यावर सुनेची टोपी. व्हिडिओ बारा सेकंदांचा आहे. त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते त्यात नाही. लोक हसतात, हसू देत. पण हसायचं तर सगळं ऐकून हसा, म्हणून लिहायला बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही सिन्नर तालुक्यातल्या एका खोलीच्या शाळेत. जोडाक्षरं सुनेने नीट केली आहेत. मजकुराला मात्र तिला हात लावू दिलेला नाही.

माझं नाव साळूबाई. आता आम्ही नाशिकला राहतो, शेती सिन्नरकडे आहे. मुलगा रविराज आणि सून सायली या दोघांना पाखरं बघायचा नाद. दर रविवारी पहाटे दुर्बिणी गळ्यात अडकवून बाहेर. त्यांचा एक क्लब आहे, त्यातला ललित नावाचा माणूस परदेशी सहली काढतो. यंदा श्रीलंका होती, दहा दिवस, नुसती पाखरं बघायला. दोघांचे मिळून जेवढे पैसे भरले तेवढ्यात आमच्या खालच्या तुकड्यात सगळं ठिबक झालं असतं. मी तसं बोलूनही दाखवलं होतं.

निघायच्या आठ दिवस आधी रविराज बाथरूममध्ये घसरला आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. ललित म्हणाला, पैसे परत मिळणार नाहीत, माणूस बदलून चालेल. दोघं नवरा-बायको तोंडं पाडून बसली. मी भाजी निवडत होते. मी म्हणाले, मी जाते. मुलीच्या बाळंतपणाला मस्कतला जायचं म्हणून माझा पासपोर्ट काढलेला होता, तिचं सगळं वेळेआधीच झालं आणि पासपोर्ट कोरा राहिला.

रविराज हसला. म्हणाला, "आई, तिथं पहाटे उठावं लागतं, मैल मैल चालावं लागतं आणि तोंड बंद ठेवावं लागतं."

"पहिली दोन कामं मी जन्मभर केली," मी म्हणाले. "तिसरं शिकेन."

माझ्या मनात काय होतं ते मी त्याला सांगितलं नाही, इथं सांगते. सात वर्षांची होते तेव्हापासून मी बाजरीत पाखरं राखली. कणसात दाणा भरला की शेताच्या मधोमध माळा बांधायचा, त्यावर दिवस उजाडायच्या आत चढायचं आणि दिवस बुडेपर्यंत गोफण फिरवायची, डबा वाजवायचा, घसा फुटेस्तोवर ओरडायचं. भोरड्यांचा थवा उतरला तर अर्धं वावर तासाभरात रिकामं. लग्नाआधी बापाच्या शेतात केलं, लग्नानंतर नवऱ्याच्या. पन्नास वर्षं मी पाखरांकडे बघत आले, पण बघितलं की हाकललं. एकही पाखरू मी डोळे भरून बघितलेलं नव्हतं. एकदा बघायचं होतं. आणि पैसे तर भरलेलेच होते.

तर गेलो. आम्ही नऊ जण, वर ललित, आणि तिथला वाटाड्या बंडारा. बंडारा माणूस सावळा, हडकुळा, पायात साधी चप्पल. मला पहिल्या दिवसापासून 'अम्मे' म्हणायचा. त्यांच्याकडे आईला तसंच म्हणतात, सायलीने सांगितलं. मोडक्या हिंदीत बोलायचा, माझी हिंदीही तेवढीच मोडकी, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

आमच्यात एक रिटायर साहेब होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना नातवंडं आहेत. त्यांच्या कॅमेऱ्याची नळी माझ्या हाताएवढी, तिला पांघरूण, तिला वेगळी पिशवी, जीपमध्ये तिला खिडकीची जागा. मी त्यांना मनात नळीवाले म्हणायचे. दोन दिवसांनी तोंडावरही म्हणाले.

खोटं कशाला बोलू, बघण्यासारखं पुष्कळ होतं. एका झाडाच्या फांदीवर दोन वाळकी पानं दिसली, ती बेडकाच्या तोंडाची पाखरं निघाली, नवरा-बायको अंगाला अंग लावून झोपलेली. निळं, लांब शेपटीचं, लाल चोचीचं एक पाखरू आमच्या नाश्त्याच्या टेबलाजवळ येऊन किडा घेऊन गेलं. इतकं निळं की मला आपल्या पैठणीचे रंग फिके वाटले. आणि त्या जंगलात पाखरं एकेकटी फिरत नाहीत, टोळीने फिरतात. पुढे सातभाईंसारखी कचाकचा भांडणारी, मध्ये कोतवाल, मागे शांत मोठी पाखरं, सगळी मिळून एकेक झाड धुंडाळत जातात. अगदी आपल्या बायका पात धरून निंदायला जातात तशी. मी तर त्यातली मुकादमीण कोण तेसुद्धा ओळखलं.

पण वैतागही तेवढाच. तीन तीन तास उभं राहायचं आणि काय दिसलं विचारलं तर शेपूट. हाताने दाखवायचं नाही, पाखरू उडतं. 'दोन वाजता बघा', 'दहा वाजता बघा' असं बोलायचं, म्हणजे झाडालाच घड्याळ समजायचं. जळवा मोज्यातूनही शिरायच्या. जेवायला कधी मिळेल त्याचा पत्ता नाही, कारण पाखरू जेवायच्या वेळेलाच येतं. आणि एवढे पैसे भरून आलेल्या माणसांची आपापसातली ढकलाढकली बघितली असती तर रेशनच्या रांगेतल्या बाया शहाण्या वाटल्या असत्या.

सगळ्यात मोठा वैताग म्हणजे यादी. रोज संध्याकाळी जेवणाआधी ललित कागद घेऊन बसायचा. दिवसभरातलं एकेक पाखरू वाचायचा, सगळ्यांनी आपापल्या कागदावर खूण करायची, आणि ज्याने ते आधी दाखवलं त्याचं नाव ललित त्या पाखरापुढे लिहायचा. सहल संपली की ती मोठी यादी क्लबच्या नाशिकच्या खोलीत भिंतीला लागते. बहुतेक पाखरांपुढे बंडाराचंच नाव असायचं, पण नळीवाल्यांचीही अकरा झाली होती. सायलीची चार. बाकीच्यांची एक-दोन. माझं एकही नाही.

मला पाखरं दिसत नव्हती असं कुणी समजू नये. पन्नास वर्षं मी कणसामागची चिमणी हुडकली आहे. पण मी म्हणायचे, तो बघा तांबट, आणि तांबट या शब्दावर सगळे माझ्याकडे बघत राहायचे. तोवर नळीवाले इंग्रजी नाव घेऊन मोकळे. नाव त्यांचं. दोन-तीनदा मी ललितला सांगितलं, तर तो म्हणाला, काकू, नाव बरोबर सांगावं लागतं. मी मनात धरलं, एका तरी पाखरापुढे माझं नाव लागल्याशिवाय मी नाशिकला जायची नाही. भिंतीवर साळूबाई लिहिलेलं दिसलं पाहिजे.

शेवटचे तीन दिवस डोंगरातल्या पावसाळी जंगलाच्या कडेला होतो. तिथल्या लॉजचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. तिथं एक पाखरू आहे, आपल्या तित्तरासारखं, जमिनीवर चालणारं. दुसऱ्या कुठल्या देशात ते नाही. बंडारा म्हणाला, ऐकणारे शंभर आणि बघणारा एक. त्याची शीळ जंगलातून रोज येते, चढत चढत जाणारी, नवरा सुरू करतो आणि बायको पुढचं उचलते. दिसत मात्र नाही. सायली याच पाखरासाठी आली होती. श्रीलंकेतच मिळणारी बाकी सगळी पाखरं तिची या सहलीत झाली, हे एक राहिलं होतं. रात्री झोपेतही तिने त्याचं नाव घेतलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

पहिल्या पहाटे बंडाराने आम्हाला एका पाऊलवाटेवर नेऊन बसवलं. श्वासही हळू घ्या म्हणाला. दीड तास गेला. समोर नेच्याचं रान होतं. सगळ्यांचे डोळे वाटेवर, माझे नेच्याच्या शेंड्यांवर. पीक हलतं ते वाऱ्याने कसं आणि पाखराने कसं, हे मला कुणी शिकवायला नको. एक शेंडा हलला, मग त्याच्या अलीकडचा. ते येत होतं. लालभडक पाय आधी दिसले, मग ठिपक्यांची छाती. पुढच्याच क्षणाला माझे दोन्ही हात वर गेले आणि तोंडातून निघालं, "हाऽऽ हुर्रर्र!"

ठरवून केलं नाही. पन्नास वर्षांची सवय, डोळ्याला पाखरू दिसलं की हात आणि घसा आपोआप चालतात, मला विचारत नाहीत. पाखरू गेलं. बंडारा सोडला तर कुणालाच काही दिसलं नव्हतं.

नळीवाले उठले, नळीला टोपण लावलं आणि ललितला म्हणाले, माणसं बघून घेत जा. एवढंच. लॉजवर परत आल्यावर ललित माझ्याजवळ येऊन बसला. काकू, उद्या तुम्ही आराम करा ना, पाय दुखत असतील. माझे पाय दुखत नव्हते. मी सायलीकडे बघितलं. ती बुटातल्या जळवा काढत होती. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ते सगळे अंधारात निघून गेले आणि मी लॉजवर राहिले. शिक्षा म्हणून बसवलेल्या माणसाने खोलीत रडत बसावं असा नियम असेल, तर तो मी पाळला नाही. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. तिथं कुसुमावती नावाची बाई स्वयंपाक करायची, माझ्याच वयाची, चुलीपुढं बसलेली. मी तिला कुसाबाई म्हणायला लागले, ती मला काय म्हणायची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. भाषा एक नाही, पण मी सूप ओढून घेतलं आणि तांदूळ पाखडायला बसले. तिने बघितलं, हसली आणि नारळ खवायला घेतला.

पाखडून झाल्यावर कणी उरली. तिने ती मुठीत घेतली, मागचं दार उघडलं, परसात फेकली आणि उंबऱ्यात बसून राहिली. मी तिच्या शेजारी बसले. परस संपला की लगेच जंगल. बसलो. कुसाबाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला, म्हणजे गप्प.

नेच्याचा शेंडा हलला.

माझे हात उठायला लागले. खरंच सांगते, दंडापासून उठायला लागले. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. ओठ दातात धरले.

आधी नर आला. डोळ्याभोवती लाल, मानेवर आणि छातीवर काळ्यात पांढरे ठिपके, कुणी चुन्याच्या बोटांनी काढावेत तसे. पाय लाल, आणि मागे काटे. एका पायाला दोन, दुसऱ्याला तीन, तिसरा जरा आखूड. त्याने चारी बाजूंनी बघितलं, मग पालापाचोळा मागे उडवत उकरायला लागला. त्याच्या मागून मादी, विटकरी रंगाची, साधी. ती भराभर खात होती. नर निवांत, तिला घाई. आठ-दहा दाणे टिपले आणि ती एकटीच परत नेच्यात शिरली, नराची वाट न बघता. मी कोंबड्या पाळल्या आहेत. अंड्यांवर बसलेली कोंबडी अशीच खाते, उभ्या उभ्या, आणि पळते. कुसाबाईने माझ्याकडे बघून तळव्याची वाटी करून दाखवली. मी मान डोलावली. आम्हा दोघींना एकच कळलं होतं.

नर अजून पाव तास होता. मी त्याचं एकेक पीस बघितलं. मला ओरडून कुणाला बोलवावंसं वाटलं नाही, फोटो काढावा असंही नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा एक पाखरू माझ्यासमोर पोटभर जेवून गेलं.

दुपारी मंडळी परत आली, भिजलेली, चिखलाने भरलेली, तित्तर न बघता. मी सांगितलं, मी बघितला. नवरा-बायको दोघं. मागच्या दारी.

नळीवाले म्हणाले, गावठी कोंबडी असेल. दोन जण हसले. सायलीने हळूच विचारलं, फोटो आहे का आई? मी म्हणाले, डोळे आहेत. संध्याकाळी यादी वाचताना ललित त्या पाखरावर थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, पुरावा नसला तर लिहिता येत नाही, काकू, राग मानू नका. तेव्हा बंडारा पुढे आला. त्याने मला एकच विचारलं, अम्मे, पायाला काटे किती? मी सांगितलं, एकीकडे दोन, एकीकडे तीन, तिसरा आखूड. बंडारा सगळ्यांकडे बघून म्हणाला, लिहा. हे पुस्तकात वाचून सांगता येत नाही.

नळीवाल्यांना ते पटलं नाही, पण बाकीचे माझ्या बाजूला सरकले. शेवटी असं ठरलं की उद्या सकाळी, निघायच्या आधी, सगळ्यांनी मागच्या दारी बसायचं. तित्तर सगळ्यांना दिसला तर त्याच्यापुढे नाव माझं. नळीवालेही म्हणाले, दाखवला तर मान्य. ललितने तर पेन्सिलीने लिहूनच ठेवलं, मला दाखवलं. साळूबाई. अक्षर चांगलं होतं.

मी अटी घातल्या. स्वयंपाकघरात खाली जमिनीवर बसायचं. बोलायचं नाही. आणि मोबाइलवरचा पाखराचा आवाज लावायचा नाही. ते लोक तसं करतात, हे लिहिलंच पाहिजे. पाखराची शीळ मोबाइलवर वाजवायची, म्हणजे खरं पाखरू दुसरा नर आला समजून भांडायला बाहेर येतं. बंडाराला ते आवडायचं नाही, पण गिऱ्हाइकापुढं तो गप्प राहायचा. मला ते का आवडत नव्हतं तेही सांगते. देवळ्याकडचे माझे मामा, खंडेराव त्यांचं नाव, ते पिंजऱ्यात एक पाळलेला तित्तर ठेवायचे. शेताच्या कडेला पिंजरा ठेवायचा, भोवती फास मांडायचे. आतला ओरडला की रानातला नर छाती काढून धावत यायचा आणि फासात अडकायचा. मग त्याची मादी झुडपाच्या कडेला येऊन बोलावत राहायची, अंधार पडेपर्यंत. मी मामांच्या शेजारी बसलेली असायचे. मांस मी खाल्लं आहे, साधुपणाचा आव आणत नाही. पण ते बोलावणं माझ्या कानातून गेलं नाही.

शेवटच्या सकाळी सगळे बसले. सायली माझ्या शेजारी, मांडी घालून, दुर्बीण मुठीत घट्ट धरलेली. कुसाबाईने कणी टाकली. नळीवाल्यांना खाली बसवेना म्हणून त्यांनी बाहेर सरपणाच्या खोपीआड खुर्ची घेतली. नळी रोखून ठेवली आणि मोबाइलही व्हिडिओला लावून ठेवला. एक तास गेला. नऊ माणसांचा वास आल्यावर कुठलं पाखरू लवकर येईल? बंडारा बोटाने खुणावत होता, येईल, येईल. पण पुढं जीप उभ्या होत्या, विमान संध्याकाळचं होतं, ललित घड्याळ बघायला लागला.

आणि खोपीच्या बाजूने शीळ आली. चढत चढत जाणारी, पण पत्र्याच्या डब्यातून यावी तशी. साहेबांनी खिशातलं दुसरं यंत्र लावलं होतं.

रानातून लगेच उत्तर आलं. मी उंबऱ्यात होते, मला नेच्याचे दोन शेंडे हलताना दिसत होते. एक डावीकडचा, तिथून नर येत होता, पळत, वाट न बघता. दुसरा उजवीकडे मागे, जिथं काल मादी शिरली होती. तीही उठली होती. अंडी उघडी टाकून ती त्याच्या मागे बोलावत येत होती, आणि ते बोलावणं मला ओळखीचं होतं. अजून चार पावलं आणि नर उघड्यावर आला असता. सगळ्यांना दिसला असता. ललितच्या कागदावर पेन्सिलीचं नाव पेनाने झालं असतं.

यावेळी हात आपोआप उठले नाहीत. यावेळी मी उठवले. उभी राहिले, पदर खोचला आणि माळ्यावरून ओरडायचे तशी ओरडले. घसा अजून शाबूत आहे, व्हिडिओत ऐकलंच असेल. दोन्ही शेंडे उलट्या दिशेने हलत गेले आणि रान शांत झालं.

मग जे व्हायचं ते झालं. साहेब खुर्चीवरून उठून मला काय काय बोलले. अडाणी म्हणाले, वेडी म्हणाले. मी म्हणाले, "नळीवाले, तुमचं यंत्र खिशात घाला, नायतर मी विमान सुटेपर्यंत इथंच ओरडत बसेन. माझा घसा लय चालतो."

त्यांनी यंत्र खिशात घातलं. ललितने माझ्यासमोर रबर काढला आणि कागदावरचं नाव पुसलं. मी बघत उभी राहिले, मान खाली घातली नाही. निघताना कुसाबाईने माझ्या हातात नारळाच्या वडीचं पुडकं दिलं. बंडारा वाकून माझ्या पाया पडला, त्यांच्याकडे तशी रीत आहे की तो स्वतःहून पडला, मला माहीत नाही.

सायली जीपमध्ये एकच वाक्य बोलली. "आई, दोन वर्षं मी त्या पक्ष्याची वाट बघत होते."

"मला ठाऊक हाय," मी म्हणाले.

नंतर ती नाशिकपर्यंत बोलली नाही. विमानात दोघींच्या मधली खुर्ची रिकामी होती, तिच्यावर टोपी ठेवलेली. मला ते लागलं. साहेबांचं बोलणं लागलं नाही, तिचं न बोलणं लागलं. पण माफी मागावी असं काही मी केलं नव्हतं, आणि केलं नसताना मागायची सवय मला नाही.

घरी आल्यावर आठ दिवसांत व्हिडिओ आला. पाठवणाऱ्याने खाली हसणारी तोंडं लावली होती. क्लबच्या भिंतीवर यादी लागली. रविराज कुबड्या घेऊन बघून आला. दोनशे नऊ पाखरं, आणि शेवटी तित्तराचं नाव, त्यापुढे 'फक्त ऐकला'. माझं नाव कुठेच नाही. रविराज म्हणाला, आई, ललितशी बोलू का? मी म्हणाले, कशाला, ज्याने ऐकला त्याने ऐकला लिहिलं, बरोबरच आहे.

महिन्याभराने एका दुपारी सायली मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. बऱ्याच दिवसांनी माझ्या पलंगावर टेकली. बंडाराने फोटो पाठवला होता, कुसाबाईच्या मागच्या दारातून काढलेला. मी चष्मा लावला. नर, त्याच्या बाजूला मादी, आणि दोघांच्या मध्ये पाचोळ्याच्या रंगाची दोन पिल्लं. सायलीने फोटो मोठा करून नराच्या पायावर आणला. मोजले. एकीकडे दोन काटे, एकीकडे तीन.

लगेच तिचा अंगठा चालायला लागला. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, ग्रुपवर टाकते. कळू दे त्यांना गावठी कोंबडी कशी असते ते. तुमचं नाव लावायलाच लागेल आता भिंतीवर.

मी मोबाइलवर हात ठेवला. भिंतीवर साळूबाई लिहिलेलं मला अजूनही आवडलं असतं. पण फोटो टाकला की ललित पुढच्या सहलीत सगळ्यांना घेऊन थेट कुसाबाईच्या परसात, दहाच्या ऐवजी वीस माणसं, वीस खिशांत वीस यंत्रं. म्हणूनच लॉजचं नाव वर लिहिलं नाही. विचारायला येऊ नका. सायलीही सांगणार नाही, तिच्याकडून वचन घेतलं आहे.

तिने मोबाइल खाली ठेवला. म्हणाली, "मग मला तो कधी दिसणार?"

"पुढच्या फेब्रुवारीत," मी म्हणाले. "आपण दोघीच जाऊ. ललित नको, यादी नको. कुसाबाईकडे उतरू, तांदूळ पाखडू आणि उंबऱ्यात बसू. जमिनीवर मांडी घालायची सवय ठेव."

"आणि तुम्ही ओरडलात तर?"

"हातावर बसेन."

ती हसली. रविराजने आतून विचारलं, एवढे पैसे परत? मी म्हणाले, खालच्या तुकड्यातलं ठिबक पुढच्या वर्षी करू. माझा पासपोर्ट दहा वर्षांचा आहे, त्यातली अजून सात शिल्लक आहेत, आणि त्यावर शिक्का एकाच देशाचा.